देवकुंडला मुलाबाळांसह जाताय? या चुका टाळा

रायगड जिल्ह्यातल्या भिऱ्याजवळचा देवकुंड म्हणजे उभ्या कातळभिंतींनी वेढलेली घळ, वरून कोसळणारी धार आणि तळाशी थंडगार कुंड. एका बाजूची चाल 5-6 किलोमीटरची. सुरुवातीला भिरा धरणाच्या पाण्याकडेनं सपाट वाट, मग जंगल, ओढे आणि शेवटी मोठमोठे धोंडे. सुरुवात इतकी सोपी असते की मंडळी तिथेच गाफील होतात.

पहिली चूक घरी बसूनच होते, ती म्हणजे महिना निवडण्याची. भर पावसाळ्यात मुलांना घेऊन इथे जायचंच नाही. माणसं बुडाल्यामुळे प्रशासन त्या काळात बंदी घालतं. ‘बंदी असू दे, आडवाटेनं नेतो’ म्हणणारा कोणी भेटला तर गाडी तिथूनच माघारी वळवा. पाऊस पुरता ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत, धारही चांगली असते आणि वाटही बरीच सुकलेली असते.

दुसरी चूक म्हणजे डोक्यावरचं आभाळ बघून निर्धास्त होणं. देवकुंडात येणारं पाणी घाटमाथ्यावरचं. खाली ऊन पडलेलं असताना वर ताम्हिणीच्या बाजूला ढग फुटला, तर लोंढा थोड्याच वेळात खाली पोचतो, आणि घळीत बाजूला सरकायला जागाच नसते. 30 जून 2024 रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. पाणी वाढलं तेव्हा ते प्रवाहाच्या मधोमध उभे होते आणि काठावर यायला वाटच उरली नाही. म्हणून मुलं पाण्याजवळ असताना घरातल्या एका मोठ्या माणसानं फक्त पाण्यावर नजर ठेवावी. फोटो नाही, गप्पा नाहीत. नितळ पाणी गढूळ झालं, पालापाचोळा वाहत आला, आवाज जड झाला, यातलं एक जरी जाणवलं तरी सामान तिथेच टाकून उंचावर चढा. चपला आणायलाही मागे फिरू नका.

परतीच्या वाटेवरचा ओढा फुगला असेल तर थांबा. सह्याद्रीतले ओढे चढतात झटकन आणि वरचा पाऊस थांबला की बहुधा काही तासांत उतरतातही. उशीर झाला तर होऊ द्या. घरचे काळजीत पडतील, पण तुम्ही सुखरूप पोचाल. हातात हात घालून साखळी करत फुगलेला ओढा ओलांडणं हा उपाय नव्हे. एकाचा पाय सुटला की सगळेच ओढले जातात.

कुंडात पोहण्याबद्दल माझं मत ठाम आहे: मुलांना उतरवू नका. काठाला घोटाभर असलेलं पाणी दोन पावलांत डोक्यावर जातं. धारेखालचं पाणी फेसाळ असतं, त्यात अंग नीट तरंगत नाही. पट्टीच्या पोहणाऱ्याचीही तिथे दमछाक होते. काठावर बसून पाय बुडवा, तेवढ्यावरही मुलं खूश होतात.

पायात काय घालायचं, याचा विचार बहुतेक जण निघायच्या दिवशी करतात. त्यापेक्षा आदल्या दिवशी मुलाला बूट घालून मोरीतल्या ओल्या फरशीवर हात धरून उभं करा. तिथे घसरत असेल तर कातळावर नक्की घसरणार. वाटेत दगड निवडायलाही मुलांना शिकवा: काळपट-हिरवा, चकाकणारा दगड टाळायचा, करडा, खरखरीत असेल त्यावरच पाय द्यायचा. तरीही घोटा मुरगळला आणि चालण्यावाचून इलाज नसेल, तर बूट काढू नका. सुजल्यावर तो परत चढत नाही. बुटावरूनच क्रेप बँडेज गुंडाळा आणि सॅक दुसऱ्याकडे द्या.

वेळेचा हिशेब मोठ्यांच्या चालीनं करू नका. मोठी माणसं दोन-अडीच तासांत पोचत असतील, तर सात-आठ वर्षांच्या मुलाला साडेतीन तास धरा. सकाळी सातला चालायला लागा आणि दुपारी एकला, कुठेही असलात तरी, मागे फिरा. घळीत ऊन लवकर सरतं आणि जंगलात त्याआधीच अंधारून येतं.

अत्तर, डिओ, काड्यापेटी घरीच ठेवा. सह्याद्रीच्या कड्यांवर आग्यामोहोळं असतात आणि उग्र वासानं, धुरानं माश्या खवळतात.

भिऱ्यातला वाटाड्या घ्या आणि त्यानं ‘आज नको’ म्हटलं तर ऐका. पुढे मोबाइलच्या रेंजचा भरवसा नाही, त्यामुळे किती वाजेपर्यंत परतणार हे घरी आणि गावात आधीच सांगून ठेवा. तेवढ्या वेळात परतला नाहीत, तर त्यांनी 112 ला फोन करायचा, हेही ठरवून जा.