जुनी हॉलो बॉडी, म्हणजे पोकळ पेटीची इलेक्ट्रिक गिटार घेतलीत? मग या चुका टाळा

दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी येतं आणि गिटारची केस उघडायच्या आधीच सुरू होतं, "काका, कालच नवीन तारा लावल्या, तेव्हापासून बेसूर वाजतेय." मी विचारतो, "सगळ्या एकदम काढल्यास ना?" उत्तर मला ठाऊकच असतं.

गिब्सन ईएस-१२५सारख्या जुन्या गिटारवर ब्रिज, म्हणजे पेटीवरचा तारांचा आधार, स्क्रूने किंवा गोंदाने बसवलेला नसतो. तारांच्या दाबावर तो नुसता उभा असतो. तारा काढल्या की आलाच हातात. मग मंडळी फडकं मारतात, ब्रिज 'साधारण तिथेच' ठेवतात आणि मोकळी तार सुरात असूनही बाराव्या फ्रेटवर (मानेवरच्या बाराव्या धातूच्या पट्टीवर) सूर चढतो. तेव्हा तार एकेकच बदला. ब्रिज हललाच असेल, तर बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसता स्पर्श करून काढलेला सूर) आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर ताडून बघा. दाबलेला चढा असेल तर ब्रिज टेलपीसकडे (तारा अडकवलेल्या खालच्या टोकाकडे) सरकवा, उतरलेला असेल तर नेककडे (मानेकडे). आधी दोन्ही टोकांच्या तारा, बाकीच्या मागून. जागेची खूण म्हणून टेप चिकटवू नका, जुनं लॅकर (वरचा चकचकीत थर) टेपसोबत उचलून येतं. मी नटपासून (मानेच्या वरच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीपासून) ब्रिजपर्यंतचं अंतर पट्टीने मोजून चिठ्ठी केसमध्ये टाकतो. एकाने ब्रिज हलू नये म्हणून वरून दोन स्क्रू मारून आणले होते. त्यावर लिहीत नाही, रक्तदाब वाढतो.

दुसरी चूक पॉटची, म्हणजे नॉबखालच्या आवाज कमी-जास्त करणाऱ्या भागाची. एक मुलगा आला, चेहरा पडलेला. गिटार हलवली की आत काहीतरी खुळखुळत होतं. व्हॉल्यूम फिरवताना खरखर यायची, म्हणून पठ्ठ्याने नॉब काढला आणि पॉट घट्ट धरणारा स्क्रूचा नटही काढला. पॉट वायरींसकट पोटात पडला. सॉलिड बॉडीत (भरीव लाकडाच्या गिटारीत) झाकण उघडता येतं, इथे आत जायला फक्त एफ-होल, म्हणजे पेटीवरचं f आकाराचं भोक. याने वाकवलेल्या तारेने तासभर खुडबुड केली, एक वायर तोडली आणि एफ-होलच्या कडेचा टवका उडवला. माझा अख्खा रविवार त्यात गेला. फिशटँकची बारीक नळी वरच्या भोकातून आत घातली आणि चिमट्याने एफ-होलमधून बाहेर ओढली. तुटलेली वायर जोडून नळीचं टोक पॉटच्या दांड्यावर घट्ट चढवलं आणि दुसऱ्या बाजूने हळूहळू ओढत पॉट जागेवर आणला. तिसऱ्या प्रयत्नात जमलं. खरं तर नट काढायची गरजच नव्हती. कॉन्टॅक्ट क्लीनरची (विजेचे जोड साफ करायच्या स्प्रेची) नळी एफ-होलमधून पॉटच्या फटीत धरायची, खाली फडकं घ्यायचं, दोनदा फुसकारायचं आणि नॉब वीसेक वेळा फिरवायचा. पाच मिनिटांचं काम.

हाच मुलगा पुढे म्हणाला, "काका, पॉट नवेच टाकू या का?" अरे, त्या पॉटवर शिक्का असतो. १३७ने सुरू होत असेल तर सीटीएस कंपनीचा, पुढचे आकडे वर्ष आणि आठवडा. जुनी गिटार घेणारा माणूस तिचं वय ताडायला आरसा आत घालून तेच वाचतो.

फीडबॅकची, म्हणजे अँपचा आवाज गिटारमध्ये परत शिरून घुमण्याची, तक्रार तर रोजची. पोकळ पेटी अँपसमोर धरून डिस्टॉर्शन (आवाज फाटवणारा इफेक्ट) लावलं की ती घुमणारच. १९५८ साली ईएस-३३५ आली तेव्हा गिब्सनने मधोमध लाकडी ठोकळा घातला, तो काय शोभेला? तरी ब्लूज गिटारवादक बी. बी. किंग एफ-होलमध्ये टॉवेल कोंबायचे, आणि त्यांच्यासाठी काढलेल्या १९८०च्या ल्युसिल मॉडेलला एफ-होलच ठेवले नाहीत. तुम्हीही टॉवेल कोंबा, बेस कमी करा, अँपपासून दूर उभे राहा. फोम मात्र नको. काही वर्षांत त्याचा चिकट चिखल होतो आणि तो खरवडायला माझ्याकडेच येता.

ब्राँझच्या अकूस्टिक तारा लावू नका, मॅग्नेटिक पिकअपला (तारांचं कंपन पकडणाऱ्या चुंबकाला) ब्राँझ नीट ऐकूच येत नाही.

रबरी स्टँडवर सुती कापड गुंडाळा. नायट्रोसेल्युलोज लॅकरला रबर लागलं की चट्टा पडतो, आणि तो पॉलिशने जात नाही.

जुन्या सेल्युलॉइडच्या पिकगार्डला (पेटीवर ओरखडे पडू नयेत म्हणून लावलेल्या पट्टीला) आंबूस वास येऊन तो चुरायला लागला, तर काढून केसबाहेर ठेवा. त्यातून निघणारा वायू पिकअपची कव्हरं आणि स्क्रू खाऊन टाकतो. मी असे दोन पिकगार्ड काचेच्या बरणीत, सैल झाकण लावून बाल्कनीत ठेवलेत. बायकोला ती कैरीच्या लोणच्याची बरणी परत हवी आहे.