शरणपूर रोडवरून आफ्रिकेला

आत्या अजूनही विचारते, "आफ्रिका शिकलीस म्हणजे नक्की काय शिकलीस गं?" आफ्रिका अभ्यासाच्या एम.ए.त तिसऱ्या सत्रापर्यंत मलाही धड सांगता येत नव्हतं. आज युरोपीय देशांनी आफ्रिकेच्या वाटणीचे नियम ठरवले ती १८८४-८५ ची बर्लिन परिषद, उद्या देशांची कर्जं, परवा मानवशास्त्र, वर स्वाहिली ही पूर्व आफ्रिकेची भाषा. मजा येते. मी फसले ती त्या मजेतच.

प्रबंधाला विषय आपल्या नाशिकचाच घेतला. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं मिशनऱ्यांनी शरणपूरला आणून शिकवली. त्यांतलाच जेकब वेनराइट. आफ्रिकेत फिरणारा स्कॉटिश मिशनरी आणि संशोधक लिव्हिंग्स्टन १८७३ मध्ये वारल्यावर त्याचं शव किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांत हा होता. शरणपूर रोडच्या सिग्नलला मी रोज स्कूटी घेऊन उभी असायचे आणि मला याचा पत्ता नव्हता! भारावून ६० पानं लिहिली. मार्गदर्शक मॅडमनी पहिल्या पानावर पेन्सिलीने दोनच शब्द लिहिले: 'प्रश्न कुठला?' बाकी ५९ पानांवर रेघही नाही.

हे नीट ऐका, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. मुलं तीच, पण इतिहासवाला विचारणार, मिशनच्या पत्रांत त्यांचा स्वतःचा आवाज कुठे सापडतो? अर्थशास्त्रवाला विचारणार, इथे शिकलेल्या सुतारकामाला केनियात मोंबासाजवळ मुक्त गुलामांसाठी वसवलेल्या फ्रिअर टाउनमध्ये काय मोल आलं? मानवशास्त्रवाल्याला तिथल्या वंशजांच्या घरी जाऊन बसावं लागणार. एकाला पत्रं लागतात, दुसऱ्याला हिशेबाच्या वह्या, तिसऱ्याला मुलाखती. मी तिन्हीकडचं चिमूटचिमूट उचललं आणि पुरावा कशालाच पुरला नाही. 'आंतरविद्याशाखीय' शब्द भारी आहे, पण पहिल्या सत्रातच एक शास्त्र आपलं धरा. बाकीच्यांकडे विरजण मागायला जा, खुशाल.

सीनियरच्या नोट्स? परीक्षेपुरत्या ठीक. प्रबंधाला त्या वापरल्यात तर तोंडघशी पडाल. आणि गोड बोलणारा मार्गदर्शक शोधत फिरू नका, टोकणारा बरा. (मी त्या दिवशी बसस्टँडवर रडले होते, ते वेगळं.)

भाषेला मात्र घाबरू नका. स्वाहिलीत गाडीला 'गारी', दुकानाला 'डुका', विम्याला 'बिमा'. अर्धं घरचंच वाटतं. पण माज नको. अरबीतून आलेल्या 'किटाबु'तला 'कि' त्यांनी आपलाच एकवचनी उपसर्ग धरला, म्हणून अनेकवचनात त्याचा 'वि' होऊन 'विटाबु'. विशेषणही सोबत बदलतं: 'किटाबु किझुरी' म्हणजे चांगलं पुस्तक, 'विटाबु विझुरी' म्हणजे चांगली पुस्तकं. तोंडी परीक्षेत मी चार पुस्तकांनाही किटाबुच म्हणत राहिले. पास झाले तरी. तुम्हीही व्हाल.

नोकरीचं म्हणाल, तर प्राध्यापकीसाठीच्या यूजीसी नेट परीक्षेला आंतरराष्ट्रीय व विभागीय अभ्यास हा वेगळा विषय आहे, फॉर्म भरताना राज्यशास्त्रावर टिक करून मोकळे होऊ नका.

प्रबंध शेवटी ३८ पानांचा झाला, सगळा पत्रांवर. आत्याला शरणपूरची गोष्ट सांगितली, तर म्हणते, "अगं, मग एवढी फी कशाला भरलीस? रिक्षाने गेली असतीस."