परदेशी जाणाऱ्या स्त्रीने स्वतःच्या नावावर काय काय ठेवावे

स्थलांतरित स्त्रीच्या वाट्याला येणारी विषमता प्रथम अर्जाच्या रकान्यात दिसते. मुख्य अर्जदार पती आणि अवलंबित पत्नी अशी नोंद झाली, की तिला नोकरी करता येईल का आणि विवाह मोडल्यास त्या देशात राहता येईल का, हे पुष्कळदा त्या नोंदीवरूनच ठरते. म्हणून आपल्या व्हिसाच्या अटी निघण्यापूर्वीच स्वतः वाचाव्यात. ‘ते बघतील’ म्हणून सोडून देऊ नयेत. कामाची परवानगी व्हिसाबरोबरच मिळते की त्यासाठी वेगळा अर्ज लागतो, पतीची नोकरी गेल्यास किंवा घटस्फोट झाल्यास आपल्या वास्तव्याचे काय होते आणि छळ होत असल्यास स्वतंत्र अर्जाची सोय आहे का, या प्रश्नांची उत्तरे लिहून ठेवावीत. उदाहरणार्थ, अमेरिकेत स्त्रियांवरील हिंसाचाराविरुद्धच्या १९९४ च्या कायद्याने नागरिकाच्या किंवा कायम रहिवाशाच्या छळ होणाऱ्या जोडीदाराला छळ करणाऱ्याच्या संमतीशिवाय कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येतो. मात्र तात्पुरत्या कामाच्या व्हिसावर आलेल्या माणसाच्या पत्नीला ही वाट खुली नसते. असे बारकावे संकटात सापडल्यावर कळून फारसा उपयोग होत नाही.

पासपोर्ट स्वतःजवळच ठेवावा. मालकाने, दलालाने किंवा सासरच्यांनी ‘सुरक्षित राहावा म्हणून’ मागितला तरी देऊ नये आणि त्याच्या व व्हिसाच्या प्रती विश्वासातल्या व्यक्तीकडे ठेवाव्यात. घरकामासाठी जाणाऱ्या स्त्रीने वेतन, कामाचे तास, सुट्टी आणि राहण्याची सोय नमूद असलेला लेखी करार निघण्यापूर्वीच मागावा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०११ च्या १८९ व्या करारात पासपोर्ट स्वतःजवळ ठेवणे आणि लेखी करार या दोन्ही गोष्टी घरकामगारांचे हक्क म्हणून नोंदवलेल्या आहेत. अर्थात, ज्या देशांनी त्याला मान्यता दिली आहे त्यांनाच तो बंधनकारक आहे, त्यामुळे आपण जात आहोत तो देश त्यांत आहे का, हे पाहून घ्यावे.

घराचा भाडेकरार आणि विजेचे बिल या कागदांकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही, पण माझ्या मते खरी अडवणूक तिथेच होते. दोन्ही पतीच्या नावावर असतील, तर पत्नीकडे पत्त्याचा पुरावा उरत नाही. पुराव्यावाचून बँक खाते अडते, खात्यावाचून पतइतिहास (देणी वेळेवर फेडल्याची नोंद) तयार होत नाही, आणि पुढे कधी वेगळे राहायची वेळ आली तर पतइतिहास नाही म्हणून घरमालक दार उघडत नाही. ही साखळी पहिल्याच महिन्यात तोडता येते: भाडेकरारात दुसरे नाव आपले घालावे, निदान एक बिल आपल्या नावावर घ्यावे आणि संयुक्त खात्याखेरीज स्वतःचे एक खाते उघडावे, मग त्यात शिल्लक किती का असेना.

शिक्षणाच्या कागदांत वेगळीच मेख असते. पदवीवर माहेरचे नाव आणि पासपोर्टवर सासरचे, असे असेल तर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचा पुरावा, म्हणजे विवाह प्रमाणपत्र किंवा नावबदलाची नोंद, सोबत न्यावा. पदवीचे प्रमाणीकरण मायदेशातच करून घ्यावे, कारण नंतर ते दुसऱ्याच्या हातून करून घेण्यात महिनोन्‌महिने जातात.

दवाखान्यात, पोलिसांकडे किंवा न्यायालयात दुभाषी मागण्यात कमीपणा मानू नये, आणि त्या जागी नवऱ्याला किंवा मुलांना बसवू नये. एका दवाखान्यात नऊ-दहा वर्षांचा मुलगा आईचे दुखणे डॉक्टरांना सांगताना मी पाहिला आहे. पाळीविषयीचा प्रश्न आला तसा तो गप्प झाला, आईने मान खाली घातली आणि डॉक्टरांच्या कागदावर ती ओळ कोरीच राहिली. जिथे घरातल्याच माणसाविरुद्ध बोलायचे असते, तिथे तर असा दुभाषी धोक्याचाच.

शेवटी मुलांविषयी. त्रास असह्य झाला की मुलांना घेऊन मायदेशी परतावे, असे मनात येणे स्वाभाविक आहे; परंतु दुसऱ्या पालकाच्या संमतीवाचून किंवा न्यायालयाच्या परवानगीवाचून मुलांना देशाबाहेर नेणे अनेक देशांत अपहरण ठरू शकते. मुलांच्या अशा अपहरणाविषयीच्या १९८० च्या हेग करारातील देशांमध्ये तर मुलांना परत पाठवण्याचा आदेशही निघू शकतो. जिवाला धोका असेल तर आधी त्याच देशातल्या निवाऱ्यात किंवा ओळखीच्या घरी जावे, मुलांच्या पासपोर्टच्या प्रती सोबत घ्याव्यात, आणि विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी कौटुंबिक कायद्याच्या वकिलाला गाठावे.