वॉर्डातून आल्यावर अभ्यास कसा करायचा: नर्सिंगच्या मुलामुलींसाठी

"मॅडम, अ‍ॅडल्ट हेल्थला कुठलं पुस्तक घेऊ?" तिसरं सेमिस्टर लागलं, मोठ्या माणसांच्या आजारांचा हा विषय आला, की हा प्रश्न ठरलेला. कुठलंही घ्या. लायब्ररीत मिळेल ते चालेल. नर्सिंगची शिक्षिका म्हणून पुण्यातल्या हॉस्पिटलांमधून विद्यार्थ्यांच्या मागे फिरण्यातच माझ्या नोकरीची सगळी वर्षं गेली, आणि एवढं नक्की सांगते की पुस्तक सगळ्यांकडे तेच असतं, निकाल मात्र वेगळा लागतो. बारावीला भरघोस मार्क घेऊन आलेली मुलगी कॉलेजच्या पहिल्याच इंटर्नल परीक्षेला अडखळते आणि बेताच्या मार्कांची पुढे निघून जाते. माझ्या मते सगळ्यात मोठा फरक एका गोष्टीने पडतो: सकाळी बघितलेला पेशंट तुम्ही पुस्तकात कधी वाचता. त्याच संध्याकाळी, की परीक्षेच्या आदल्या महिन्यात?

आधी नियमांचं बघू. बी.एस्सी. नर्सिंग आता आठ सेमिस्टरचं आहे. थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हींत वेगवेगळे 50 टक्के लागतात, त्यामुळे एकातले जास्तीचे मार्क दुसऱ्याला उपयोगी पडत नाहीत. परीक्षेला बसायला 80 टक्के हजेरी हवी. पदवी मिळण्याआधी मात्र क्लिनिकलची, म्हणजे वॉर्डातल्या पोस्टिंगची, हजेरी 100 टक्के भरावी लागते. "पुढे भरून काढू" म्हणत पोस्टिंग बुडवणाऱ्या मुलांना हे फार उशिरा कळतं. मग मित्रमैत्रिणी अभ्यासाची सुट्टी घेतात आणि ही मुलं राहिलेल्या ड्युट्या भरत बसतात.

आता मुख्य काम. युनिफॉर्मच्या खिशात मावेल अशी एक वही घ्या. रोज एकच पेशंट. नाव, बेड नंबर, काही लिहायचं नाही; वही बसमध्ये राहिली तर त्या माणसाची ओळख उघडी पडता कामा नये. वय, निदान, चालू औषधं आणि तुम्हाला न समजलेली एक गोष्ट, एवढंच लिहा. ही शेवटची गोष्ट महत्त्वाची, कारण संध्याकाळी पुस्तक उघडायचं ते तिच्यासाठी.

समजा मेडिसिन वॉर्डात पन्नाशीचे काका आहेत. पोट फुगलंय, पायांवर सूज आहे, फाइलवर सिऱ्होसिस, म्हणजे लिव्हर कडक होण्याचा आजार, लिहिलंय. औषधांत फ्युरोसेमाइड आहे आणि स्पायरोनोलॅक्टोनही. दोन्ही लघवी वाढवणारी, मग दोन कशाला? हा प्रश्न वहीत. संध्याकाळी वाचलं की कळतं, फ्युरोसेमाइडने पोटॅशियम शरीराबाहेर जातं आणि स्पायरोनोलॅक्टोन ते धरून ठेवतं. शिवाय या आजारात अल्डोस्टेरॉन, म्हणजे मीठ-पाणी धरून ठेवणारं हार्मोन, वाढलेलं असतं आणि स्पायरोनोलॅक्टोन नेमकं त्यालाच अडवतं. तिथून मागे जा: लिव्हर अल्ब्युमिन (पाणी रक्तात धरून ठेवणारं प्रोटीन) कमी बनवतंय, पोर्टल व्हेन या लिव्हरकडे जाणाऱ्या शिरेतला दाब वाढलाय, म्हणून पाणी पोटात साठतंय. झाली की नाही अ‍ॅनाटॉमी आणि फिजिऑलॉजीची उजळणी?

मग दुसऱ्या दिवशी रोजचं वजन, बेंबीच्या पातळीवर पोटाचा घेर आणि इनटेक-आउटपुट चार्ट (पोटात किती गेलं, लघवीवाटे किती आलं) ही कामं "सिस्टरांनी सांगितली म्हणून" होत नाहीत. काकांना लॅक्ट्युलोज चालू असेल तर पोट साफ व्हायला दिलंय असं समजून पुढे जाऊ नका. अमोनिया बाहेर पडावा म्हणून ते देतात, आणि दिवसाला दोन-तीनदा मऊ शौच होणं हेच अपेक्षित असतं. काका असंबद्ध बोलायला लागले, दिवसा पेंगायला लागले, तर अमोनिया मेंदूवर परिणाम करत असू शकतो, लगेच स्टाफ सिस्टरांना सांगायचं. असा एक पेशंट नीट वाचला तर व्हायव्हाचे (तोंडी परीक्षेचे) निम्मे प्रश्न त्यातच येऊन जातात.

आता केअर प्लॅन, म्हणजे पेशंटच्या अडचणी आणि त्यावर आपण काय करणार याचं लेखी काम. सीनियरची फाइल मागून आणायची आणि उतरवायची, ही आपल्याकडची जुनी परंपरा. हात दुखेपर्यंत लिहायचं आणि डोक्यात शून्य. तपासणाऱ्याला ते लगेच कळतं, कारण प्रत्येक पेशंटला तोच "आहार कमी पडण्याचा धोका" लावलेला असतो, अगदी शंभर किलोच्या बाईलाही. त्यापेक्षा दोन पानांचा, पण स्वतः बघून लिहिलेला प्लॅन आणा. त्याला मार्क देताना मी कधी हात आखडता घेतला नाही.

"आम्हाला नुसतं बेड मेकिंग आणि स्पंजिंगच करायला लावतात," ही तक्रारही नेहमीची. अहो, पाठीवर माकडहाडाशी लाल झालेली जागा, म्हणजे बेडसोरची सुरुवात, स्पंजिंग करतानाच दिसते. सूज असली की पावलावर बोट दाबल्यावर पडणारा खड्डाही तेव्हाच कळतो. हातांना काम असलं तरी डोळे मोकळे असतात.

स्टाफ सिस्टरांकडून शिकायचं तर वेळ बघून विचारा. राउंड चालू असताना किंवा औषधं काढताना विचाराल तर ओरडा खाल, आणि तो रास्तच असतो. औषधं देऊन झाली, नोट्स लिहायला बसल्या, की "सिस्टर, एक विचारू?" म्हणा. ड्युटी बदलताना एक सिस्टर दुसरीला पेशंट सोपवते, तो हँडओव्हर कान देऊन ऐका. पेशंटची माहिती कोणत्या क्रमाने सांगायची हे पुस्तकापेक्षा तिथे लवकर कळतं.

मराठी माध्यमातून आलेल्यांनी इंग्रजीची धास्ती सोडा. ससूनला किंवा औंधच्या जिल्हा रुग्णालयात पेशंट तुमच्याच भाषेत बोलतात, "घेरी येते", "मुंग्या येतात", "जिना चढला की दम लागतो". तुम्ही जास्त खोदून विचारू शकता. आधी मराठीत समजून घ्या, मग इंग्रजीत चार वाक्यं स्वतःची लिहा आणि रोज कुणाकडून तरी तपासून घ्या. पाठ केलेला परिच्छेद प्रश्न थोडा फिरवला की कोसळतो.

गणिताची भीतीही अशीच घालवता येते, फक्त रोज एक उदाहरण हवं. 500 मिली सलाईन 4 तासांत द्यायचंय आणि सलाईनची नळी, म्हणजे सेट, मिलीला 20 थेंबांचा आहे. 500 गुणिले 20, भागिले 240 मिनिटं, म्हणजे मिनिटाला साधारण 42 थेंब. मायक्रो सेट 60 थेंबांचा असतो, म्हणून तिथे तासाला जितके मिली तितकेच मिनिटाला थेंब. सेटच्या पाकिटावर आकडा छापलेला असतो, तो वाचल्याशिवाय हिशोब करू नका.

झोप आणि पोट. वाघोलीहून किंवा पिंपरीहून येणाऱ्यांचा दिवस पहाटे सुरू होतो. बसमध्ये उभ्याने पुस्तक वाचता येत नाही, पण कालच्या पेशंटची औषधं मनात म्हणता येतात. न बघता आठवणं हाच खरा अभ्यास. रंगीत पेनाने अधोरेखित करून फार काही होत नाही. नाश्ता न करता ऑपरेशन थिएटरात उभं राहू नका, चक्कर येते. नाइट पोस्टिंगच्या आठवड्यात नवा धडा काढू नका, जुनं आठवा आणि दुपारी झोपा.

पैशाची काळजीही मार्क खाते. महाडीबीटी पोर्टलवरचा सरकारी शिष्यवृत्तीचा अर्ज दरवर्षी वेळेत भरा, उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा. काही जण रात्री घरोघरी पेशंट सांभाळायची कामं घेतात. अडचण मला कळते, पण रोजची जागरणं करून हा अभ्यासक्रम झेपलेला मी फारसा पाहिला नाही. त्याआधी वर्गशिक्षिकेशी बोला, फीचे हप्ते पाडून घेता येतात का ते विचारा.

आणि ज्यांना खरं तर डॉक्टर व्हायचं होतं, त्यांनी पहिल्या वर्षातच "हे माझं नाही" असा निकाल लावू नका. लेबर रूम, मुलांचा वॉर्ड, येरवड्याचं मनोरुग्णालय, कम्युनिटी, हे सगळं अजून पुढे आहे. नाक मुरडत आलेली किती तरी मुलं यातल्या एखाद्या पोस्टिंगला रमलेली मी पाहिली आहेत. तरीही नकोच वाटलं तर घरी स्पष्ट बोला.

प्रॅक्टिकल परीक्षेला निघताना नखं कापलेली, केस बांधलेले आणि हातात सेकंदकाट्याचं घड्याळ हवं. नाडी आणि श्वास पूर्ण मिनिट मोजा, पंधरा सेकंदांना चारने गुणू नका. प्रोसिजरआधी पेशंटला सांगा, पडदा ओढा, हात धुवा. आणि उत्तर येत नसेल तर ठोकून देऊ नका. "आठवत नाही मॅडम, पण मी आधी सिस्टरांना विचारीन" असं म्हणा. औषधाच्या बाबतीत आम्हाला ते उत्तर चालतं.