गोळी बंद करावी लागली, तर पुढचं साधन कसं निवडायचं

माला-एन असो की मेडिकलमधून आणलेली दुसरी, रोजची गर्भनिरोधक गोळी बंद करायची वेळ आली की लगेच विचारणा होते, "मग आता काय घेऊ?" त्याआधी गोळी का बंद करतोय ते कागदावर लिहून काढा. पुढचं साधन बरंचसं त्या एका ओळीवरून ठरतं. कारण न बघता शेजारणीला जे चाललं तेच घेतलं, तर पुन्हा तीन महिन्यांनी दवाखान्याच्या पायऱ्या चढाव्या लागतात.

पहिल्या दोन-तीन पाकिटांत मळमळ होते, छाती जड वाटते, मधेच लाल डाग पडतात. बहुतेकींचं हे आपोआप थांबतं. सकाळी रिकाम्या पोटी घेण्याऐवजी रात्री जेवणानंतर गोळी घेऊन बघा. माला-एनच्या २८ गोळ्यांपैकी ७ लोहाच्या असतात, त्या दिवसांत शौचाला काळं होतं. तेवढ्यावरून गोळी बाधली असं धरू नका.

गोळी खरोखर थांबवायची कारणं वेगळी आहेत. रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून जास्त येणं. पायाच्या किंवा फुप्फुसाच्या शिरेत रक्ताची गाठ झालेली असणं. वय ३५ च्या वर आणि बिडी-सिगारेट. चालू कावीळ किंवा यकृताचा मोठा आजार, स्तनाचा कर्करोग. बाळ सहा महिन्यांच्या आतलं आणि अंगावर पिणारं. डोळ्यांपुढे नागमोडी चमक येऊन, नाहीतर एका बाजूला मुंग्या येऊन मग उठणारी अर्धशिशी. वैशाखात उन्हातून आल्यावर ठणकणारं डोकं यात धरायचं नाही. पण ती चमक पाच मिनिटं ते तासभर टिकते आणि मागोमाग डोकं दुखतं, असं होत असेल तर डॉक्टरला नेमक्या याच शब्दांत सांगा. अशा बाईला गोळीमुळे पक्षाघाताचा धोका वाढतो.

क्षयाच्या औषधातलं रिफाम्पिसिन आणि फिटची काही औषधं (फेनिटॉइन, कार्बामाझेपिन) गोळीचा असर कमी करतात. रोज नेमाने गोळी घेऊनही दिवस जातात ते यामुळे. उपचार घेणाऱ्या बाईला हे कोणी सांगत नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहिलं.

रक्तदाबाच्या एका आकड्यावर निर्णय घेऊ नका. लसीकरणाच्या दिवशी उपकेंद्रात गर्दी असते, बाई दोन किलोमीटर चालून आलेली असते, आणि सिस्टर उभ्याउभ्या पट्टा बांधतात. पाच मिनिटं पाठ टेकून बसा, हात छातीच्या उंचीला टेकवा, आधीच्या अर्ध्या तासात चहा आणि मशेरी नको. वेगळ्या दिवशी पुन्हा मोजा. मशेरीचं खरं बोला. ती ओढायची नसली तरी तिच्यातलं निकोटीन रक्तदाब चढवतं.

आता बंद केव्हा करायची? पिंढरीत एकाच पायाला सूज आणि दुखणं, छातीत कळ, दम लागणं, अचानक दिसेनासं होणं, कधी नव्हे असं भयंकर डोकं दुखणं, पोटात तीव्र कळ: यातलं काहीही झालं तर गोळी त्याच दिवशी बंद, आणि थेट ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालय. नवं साधन मिळेपर्यंत निरोध. बाकी कारणांत डॉक्टर पाकीट संपवू देत असतील, तर गोळी चालू असतानाच नवं साधन सुरू करा. "महिनाभर शरीराला विसावा" देण्याची आपल्याकडे फार हौस आहे. वैद्यकीयदृष्ट्या त्या विसाव्याची गरज नसते आणि नको असलेलं गरोदरपण नेमकं त्याच महिन्यात येतं.

गोळी विसरत होती म्हणून बदलायची असेल, तर रोज आठवण ठेवायला न लावणारं काहीतरी हवं. त्यातलं पहिलं अंतरा, म्हणजे हार्मोनचं इंजेक्शन. सरकारी दवाखान्यात फुकट. दर १३ आठवड्यांनी एक, तारीख कार्डावर लिहून मिळते. ठरल्या तारखेच्या १४ दिवस आधीपासून २८ दिवस नंतरपर्यंत घेता येतं. समजा दसऱ्याच्या सुमारास, ५ ऑक्टोबरला घेतलं. पुढची तारीख ४ जानेवारी. २१ डिसेंबरपासून १ फेब्रुवारीपर्यंत केव्हाही चालेल. नंदुरबार-साक्रीकडून ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या जोडप्यांनी हा हिशोब निघण्याआधीच करावा. अंतरा हा देशभरचा कार्यक्रम आहे, म्हणून कार्ड पत्र्याच्या पेटीत न ठेवता सोबत घ्यावं आणि तिथल्या सरकारी केंद्रात दाखवावं. टोचलेली जागा चोळायची नाही, शेकायची नाही. औषध लवकर पसरून असर लवकर ओसरतो.

अंतरावर पाळी बिघडतेच. आधी महिनोन्‌महिने थोडं थोडं डाग लागणं, मग वर्षभरात अनेकींची पाळी थांबते. रक्त आत साठत नाही, गर्भपिशवीचं अस्तरच पातळ राहतं. हे घरातल्या मोठ्या बाईला आधी समजावून ठेवलं तर निम्मी कटकट वाचते. इंजेक्शन सोडल्यावर दिवस राहायला शेवटच्या सुईपासून साधारण ७ ते १० महिने लागतात. वर्षभरातच मूल हवं असेल तर अंतरा घेऊ नका. रक्तदाब १६०/१०० च्या पुढे असेल तरीही नको. रिफाम्पिसिन चालू असलेल्या बाईला मात्र चालतं.

सिकलसेलचा (रक्ताचा, आई-बापाकडून येणारा आजार) विचार खान्देशात वेगळा करावा लागतो, कारण नंदुरबार जिल्ह्यात आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवर हा आजार बराच आढळतो. बाई रुग्ण आहे की वाहक, आधी रिपोर्ट बघा. नुसती वाहक असेल तर तेवढ्यावरून गोळी सहसा बंद करावी लागत नाही. रुग्ण असेल तर रक्ताची गाठ होण्याचा धोका मुळातच जास्त, त्यात गोळीची भर नको. अशांना अंतरा चांगलं मानवतं आणि दुखण्याचे झटकेही कमी होऊ शकतात. तांबीने (कॉपर-टी) पाळी जास्त जाते, रक्त आधीच कमी असतं, म्हणून ती डॉक्टरला विचारूनच.

तांबी, म्हणजे कॉपर-टी, हे आमच्या मते दोन मुलांत अंतर हवं असणाऱ्यांसाठी सगळ्यांत कमी कटकटीचं साधन. ३८० ए दहा वर्षं, ३७५ पाच वर्षं. तिच्यात हार्मोन नाही, त्यामुळे रक्तदाब, अर्धशिशी, अंगावरचं दूध, क्षयाची औषधं, कशातच ती आडवी येत नाही. गोळी नीट चालू असेल तर कुठल्याही दिवशी बसवता येते आणि त्याच दिवसापासून काम करते. अर्धा तास आधी वेदनाशामक गोळी घ्या. अंगावरून घाण वासाचं पांढरं जात असेल, ओटीपोट दुखत असेल, तर आधी उपचार, मग तांबी. हिमोग्लोबिन फार कमी असेल तर आधी ते वाढवा, कारण पहिले तीन ते सहा महिने पाळी जास्त जाते आणि पोटात कळा येतात.

"तांबी छातीमा चढी जास" हे गावोगाव ऐकू येतं. गर्भपिशवीतून छातीकडे जायला वाटच नाही. खरी अडचण उलटी आहे, ती खाली घसरून पडते, आणि ते बहुधा पहिल्या तीन महिन्यांत, पाळीच्या दिवसांत. म्हणून तेव्हा कपडा किंवा पॅड टाकताना नीट बघा. पाळी संपली की हात धुवून उकिडवं बसा, मधलं बोट आत घाला. पिशवीच्या तोंडाशी तांबीचे मऊ दोरे लागले तर ती जागेवर आहे. कडक टोक लागलं, दोरे एकदम लांब झाले किंवा सापडलेच नाहीत, तर निरोध वापरा आणि तपासून घ्या. दोरे वर गेले असतील तर सोनोग्राफीत तांबी दिसते. ओढून बघू नका.

छाया ही हार्मोन नसलेली गोळी. विसरभोळेपणा हे कारण नसेल तरच. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. पहिली गोळी पाळीच्या पहिल्या दिवशी. तो सोमवार असेल तर तीन महिने सोमवार-गुरुवार, त्यानंतर फक्त सोमवार. दिवस बाजाराला जोडा: सोमवारचा बाजार, सोमवारची गोळी. एखादी राहिली तर आठवताक्षणी घ्या आणि पुढची पाळी येईपर्यंत निरोध. सात दिवसांहून जास्त उशीर झाला तर पुन्हा तीन महिने आठवड्यातून दोनदा. छायावर पाळी लांबते. १५ दिवसांहून जास्त लांबली तर आशाताईंकडून निश्चय किट (दिवस गेलेत का ते घरी तपासायचं) घ्या. अंडाशयात गाठी (पीसीओडी), नुकती झालेली कावीळ, किडनीचा किंवा जुनाट क्षयाचा आजार असेल तर छाया नको.

खासगीत हार्मोनची तांबीही मिळते. पाळी फार जाणाऱ्या बाईला ती उत्तम, खर्च मात्र हजारांत. निरोध एकट्यावर ठेवायचा तर प्रत्येक वेळी हवा. खोबरेल तेल लावलं की तो फाटतो.

मुलं पुरेशी झाली असतील तर बिनटाक्याची पुरुष नसबंदी बाईच्या ऑपरेशनपेक्षा सोपी आणि सुरक्षित आहे. "ताकद जाते" हे खोटं. बीज तयार होणं, इच्छा, जोर सगळं तसंच राहतं, फक्त वाट बंद होते. दोन दिवसांनी हलकं काम, केळीचे घड उचलणं आठवड्यानंतर. नळीत आधीचं बीज उरलेलं असतं, म्हणून तीन महिने निरोध आणि मग वीर्य तपासणी. ही तपासणी टाळल्यावर बायकोला दिवस गेले, तर संशय तिच्यावर येतो; तो कागद घरात असलेला बरा. बाईने स्वतःचं ऑपरेशन करायचं ठरवलं तर नवऱ्याची सही कायद्याने लागत नाही.

आणि बदलाच्या गडबडीत मधेच साधनाशिवाय संबंध आलाच, तर तातडीची गोळी ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी चांगली. रक्तदाबवाल्या बाईलाही ती एकदा घेता येते. पाच दिवसांच्या आत तांबी बसवली तर तिचा असर या गोळीहून जास्त, आणि पुढच्या दहा वर्षांचं कामही त्यातच होतं. गोळी घेतली असेल तर तीन आठवड्यांनी किटवर तपासा, मधे थोडे डाग लागले तरी.