लसीकावाहिन्यांची वाढ आणि पेशींचे स्थलांतर स्वतंत्रपणे कसे मोजावे

सुजलेल्या त्वचेत लसीकावाहिन्या (ऊतींतला जादा द्रव वाहून नेणाऱ्या नळ्या) वाढलेल्या दिसल्या, म्हणजे डेंड्रायटिक पेशीही (परकी द्रव्ये उचलून रोगप्रतिकारक पेशींना दाखवणाऱ्या पेशी) लसीकाग्रंथीकडे अधिक संख्येने गेल्या असणार, असे गृहीत धरण्याचा मोह एम.एस्सी.च्या प्रकल्पात टाळावा. वाहिन्यांची वाढ मुख्यतः व्हीईजीएफ-सी हे वाढीचा संकेत देणारे प्रथिन आणि त्याचा ग्राही व्हीईजीएफआर-३ यांच्यावर अवलंबून असते; पेशींना वाहिनीकडे खेचणारी सीसीएल२१ (वाहिनीने सोडलेले संकेत-प्रथिन) आणि सीसीआर७ (पेशीवरील त्याचा ग्राही) यांची जोडी निराळी आहे. पुण्यात गणेशखिंडच्या एनसीसीएसमध्ये (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र) असो वा पाषाणच्या आयसरमध्ये (भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था), उंदरांवर काम करण्यापूर्वी प्राणी नैतिकता समितीची मंजुरी लागतेच, तेव्हा दोन्ही मोजमापे एकाच अर्जात मांडलेली बरी.

वाहिन्यांसाठी उंदराचा कान सोयीचा, कारण तो पातळ असतो. त्याचे दोन पदर चिमट्याने अलग करून कूर्चा नसलेला पदर पॅराफॉर्माल्डिहाइडमध्ये स्थिर करावा आणि त्यावर लसीकावाहिन्यांच्या पेशी ओळखू देणाऱ्या लाइव्ह-१ व प्रॉक्स-१ या दोन्ही प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडे वापरावीत. केवळ लाइव्ह-१ वर विसंबू नये, कारण त्वचेतील काही मॅक्रोफेज (भक्षक) पेशींवरही ते असते आणि सुजेत नेमकी त्यांचीच गर्दी होते. वाहिनी नुसती फुगली तरी तिने व्यापलेले क्षेत्रफळ वाढते; त्यामुळे व्यास आणि फाट्यांची संख्या वेगवेगळी नोंदवावी, व खरी वाढ सिद्ध करायची असल्यास प्रॉक्स-१ असलेल्या केंद्रकांत केआय-६७ हे विभाजन होणाऱ्या पेशींतले प्रथिन शोधावे. हा टप्पा वेळखाऊ आहे, पण बहुतेक वाद इथेच मिटतात.

स्थलांतरासाठी कानाला एफआयटीसी हे चमकणारे रंजक ॲसिटोन व डायब्युटाइल थॅलेटच्या मिश्रणात विरघळवून लावावे. दुसऱ्या गटातील उंदरांना केवळ द्रावक लावावा, कारण डायब्युटाइल थॅलेट स्वतःच पेशींना चालना देते. पहिल्या काही तासांत मोकळे रंजक लसीकेबरोबर वाहत ग्रंथीत पोहोचते आणि तिथल्याच पेशी ते उचलतात. त्वचेतून आलेल्या पेशी पाहायच्या असतील तर साधारण २४ तासांनी कानाजवळची ग्रंथी काढून, कोलॅजिनेज या विकराने सुटी करून, फ्लो सायटोमीटरवर (एकेक पेशी तपासून मोजणारे यंत्र) सीडी११सी, एमएचसी-२ (डेंड्रायटिक पेशींच्या पृष्ठभागावरील दोन प्रथिने) आणि एफआयटीसी या तिन्ही खुणा असलेल्या पेशी मोजाव्यात. टक्केवारीबरोबर एकूण संख्याही द्यावी, कारण सुजेत ग्रंथी मोठी होते आणि टक्केवारी फसवी ठरते.

वाहिन्या वाढल्या पण पेशी वाढल्या नाहीत, असा निकाल आल्यास तो प्रयोगाचा दोष समजून टाकून देऊ नये. अशा वेळी नव्या वाहिन्यांवर सीसीएल२१ आहे का, आणि पेशींना आत शिरण्यासाठी फटी ठेवणारे बटणांसारखे सांधे तयार झाले आहेत की कडा सलग शिवल्यासारख्या आहेत, हे व्हीई-कॅडहेरिन या पेशी जोडणाऱ्या प्रथिनाचे रंजन करून पाहावे.