हलकं की भारी? फुकटचा वर्ड प्रोसेसर निवडताना या चुका टाळा

"भाऊ, पटकन उघडेल असं काहीतरी टाकून द्या ना." चोपड्यातल्या माझ्या डीटीपीच्या दुकानात हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतं. पटकन उघडतं म्हणून चांगलं, ही पहिली चूक. आणि तीच सगळ्यांत महागात पडते.

दोन-तीन वर्षांपूर्वीचा मे महिना. एका सोसायटीचा वार्षिक अहवाल मी लिब्रेऑफिस या फुकटच्या ऑफिस संचातल्या रायटर या वर्ड प्रोसेसरमध्ये बसवून दिला होता. ४२ पानं, वर सोसायटीचं नाव, खाली पान नंबर, ताळेबंदाला तळटिपा. सचिव नानांच्या भाच्याला फक्त सभेची तारीख बदलायची होती. त्यांच्या जुन्या मशीनवर रायटर उघडायला मिनिटभर लागायचा, म्हणून त्यानं मी दिलेली डॉकएक्स (वर्डच्या साच्यातली) फाइल सरळ वर्डपॅडमध्ये, म्हणजे विंडोजसोबत येणाऱ्या साध्या लिहिण्याच्या प्रोग्रॅममध्ये, उघडली. या फाइलमधल्या सगळ्या सोयी मला झेपत नाहीत, असं वर्डपॅड पिवळ्या पट्टीत स्वतःच सांगतं. पट्टी वाचतो कोण? तारीख बदलली, सेव्ह केलं.

रात्री दहाला नाना पेनड्राइव्ह घेऊन दारात. हेडर गेलं, पान नंबर गेले, तळटिपा गेल्या, आणि सकाळी छपाई. त्यात लाइट गेलेली, इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर तेवढा चालू, पंखा बंद. रायटरची मूळ ओडीटी फाइल माझ्याकडे होती म्हणून निभावलं. तेव्हापासून मूळ फाइल माझ्याजवळच राहते, गिऱ्हाइकाच्या हाती पीडीएफ.

म्हणून मी आधी कागद बघतो, मशीन नंतर. तळटिपा, अनुक्रमणिका, मेल मर्ज (एकच पत्र यादीतल्या नावांनी छापणं) यांतलं एक जरी लागणार असेल तर रायटरच. उघडेपर्यंत चहा घ्या. नुसता मजकूर लिहायचा असेल तर फोकसरायटर हा हलका प्रोग्रॅम पुष्कळ झाला. अर्ध्या पानाच्या अर्जासाठी २ जीबी रॅमवर अख्खं ऑफिस चढवून मग मशीनला शिव्या घालणारेही मी पाहिलेत. जुन्या लिनक्स मशीनवर अ‍ॅबीवर्ड हा हलका वर्ड प्रोसेसर छान चालतो. विंडोजसाठी मात्र त्याची नवी आवृत्ती निघत नाही, तिथं त्याच्या नादी लागू नका.

दुसरं रडगाणं मराठी फॉन्टचं. रायटरच्या स्टाइलमध्ये फॉन्टचा आकार वाढवला तरी मराठी अक्षरं जागची हलत नाहीत, की लगेच "सॉफ्टवेअर बेकार". अहो, इंग्रजीचा फॉन्ट वेगळा असतो, देवनागरीचा वेगळा. देवनागरीचा 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट'खाली येतो. आकार तिथं बदला. मी नवीन मशीनवर हे पहिल्याच दिवशी करून टाकतो.

कृतीदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर नुसता युनिकोड फॉन्ट लावून मराठी होत नाही, आधी कन्व्हर्ट करा.

ओपनऑफिस हा जुना फुकटचा संच उतरवून घेऊ नका. लिब्रेऑफिस २०१० मध्ये त्यातूनच फुटून निघालं आणि कधीच पुढं गेलं.

ऑटोरिकव्हरीची, म्हणजे काम आपोआप जपून ठेवण्याची, वेळ मी दोन मिनिटांवर ठेवतो. आपल्याकडची लाइट काही सांगून जात नाही.

आणि वर्डपॅड? २०२४ मध्ये विंडोज ११ मधून ते काढूनच टाकलं. परवा त्या भाच्याला ही बातमी दिली, तर म्हणतो, "मग आता नोटपॅडमध्ये उघडू का?"